वाचक विचारतात : कोडेकचा इन्स्टॉलर टाकू की नको?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. 2005 ते 2009 या वर्षांत आमच्या शाळेतल्या मुलांनी केलेल्या नाटकांचं चित्रीकरण मी जपून ठेवलं आहे. सीडींवरच्या त्या एव्हीआय फाइल्स आता हार्ड डिस्कवर घेतल्या. व्हीएलसी या प्लेअरमध्ये त्या छान दिसतात. प्रत्येकाचा प्रवेश वेगळा कापून ज्याचा त्याला पाठवावा, म्हणून व्हर्च्युअलडब हा जुना प्रोग्राम उघडला, तर 'एक्सव्हिडचा डीकम्प्रेसर सापडत नाही' असा संदेश येतो. एका माजी विद्यार्थ्याने एक्सव्हिडचा इन्स्टॉलर टाकायला सांगितलं. दुसरा म्हणतो, कोडेकच्या नावाखाली व्हायरस येतात, हातही लावू नका. इन्स्टॉलर सुरू केल्यावर परवानगी मागणारी खिडकी आली आणि मी तो बंद केला. यातले फायदे-तोटे नीट समजावून सांगाल का?

उत्तर : सर, ती खिडकी पाहून थांबलात हे चांगलं केलंत. 'या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?' असं ती विचारते. कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारा आणि पाहताना पुन्हा उलगडणारा कोड; एक्सव्हिड हा त्यातलाच एक. बहुतेक प्रोग्राम आपल्यापुरता एक फोल्डर घेऊन बसतात. कोडेकचा इन्स्टॉलर मात्र सगळ्यांच्या सामाइक जागेत वस्तू ठेवतो. त्याचे सगळे फायदे आणि सगळे तोटे त्या एका गोष्टीतून निघतात.

आधी माझा सल्ला सांगते. व्हर्च्युअलडबचीच पुढची आवृत्ती व्हर्च्युअलडब2 या नावाने मिळते. तिच्यात फाइल वाचायची सोय आतच आहे, त्यामुळे तुमचे व्हिडिओ कापण्यासाठी वेगळा कोडेक बसवावा लागत नाही. झिप फाइल उलगडायची आणि प्रोग्राम चालवायचा. ते जमलं तर इन्स्टॉलरकडे वळूच नका. नाही जमलं, किंवा हात जुन्या प्रोग्रामलाच सरावला असेल, तर एक्सव्हिडचा एकट्याचा इन्स्टॉलर जरूर टाका. पन्नास कोडेकांचं गाठोडं, म्हणजे कोडेक पॅक, मात्र टाकू नका.

आता कारण. एव्हीआय हा नुसता डबा आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, हे डब्यावर चार अक्षरांत लिहिलेलं असतं. त्या खुणेला फोरसीसी म्हणतात. तुमच्या फाइलींवर ती 'एक्सव्हिड' अशी आहे. व्हीएलसी डबा उघडतो, खूण वाचतो आणि स्वतःबरोबर आणलेला उलगडणारा कोड वापरतो. तो कोड लिबॲव्हकोडेक या मुक्त संग्रहातला असतो. विंडोजला तो काही विचारतच नाही. जुना व्हर्च्युअलडब मात्र विंडोजला विचारतो, 'ही खूण ओळखणारं कोणी आहे का?' विंडोजच्या यादीत नाव नसेल, की तुम्हाला दिसलेला संदेश येतो.

तो संदेश पूर्ण वाचलात का? त्यात पुढे असंही लिहिलेलं असतं, की व्हिडिओ फॉर विंडोज पद्धतीचाच कोडेक हवा, डायरेक्टशो पद्धतीचा चालणार नाही. बहुतेक लोक ते वाक्य सोडून देतात आणि भलताच कोडेक टाकून वैतागतात. विंडोजमध्ये कोडेक ठेवायच्या निरनिराळ्या मांडण्या आहेत. सगळ्यात जुनी 1992 सालची व्हिडिओ फॉर विंडोज. मग डायरेक्टशो. व्हिस्टापासून मीडिया फाउंडेशन. एका मांडणीवर ठेवलेली वस्तू दुसऱ्या मांडणीवर शोधणाऱ्याला सापडत नाही. एक्सव्हिडचा इन्स्टॉलर पहिल्या दोन्ही मांडण्यांवर आपली वस्तू ठेवतो. म्हणून तुमच्या कामाला तो अगदी नेमका आहे.

हा त्याचा मोठा फायदा, आणि तो मला मनापासून मोलाचा वाटतो. एकदा बसवला, की संगणकावरच्या ज्या ज्या जुन्या प्रोग्रामला त्या मांडणीतून वस्तू घ्यायची सवय आहे, त्या सगळ्यांना तो मिळतो. नुसतं पाहायलाच नाही, तर नवीन फाइल दाबून लिहायलाही. दर्जा, बिटरेट, दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग, हे सगळं त्याच्या सेटिंगच्या खिडकीत मिळतं. इंटरनेट नसलेल्या यंत्रावरही तो बसतो. आणि काढायचा झाला तर कंट्रोल पॅनेलमधून काढता येतो.

हेच हाताने करायचं म्हटलं तर किती खटपट आहे, हे मी पूर्वी अनुभवलंय. एक्सव्हिड 2001 साली सुरू झाला. ओपनडिव्हएक्स नावाचा खुला प्रकल्प अर्ध्यात बंद पडला आणि त्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी तोच धागा पुढे नेला. म्हणूनच नावही डिव्हएक्स उलटं करून ठेवलं. बरीच वर्षं प्रकल्पाकडून फक्त सोर्स कोड मिळायचा. चालवायची तयार फाइल इतर कोणी बांधून द्यायचं. त्या काळी मी डीएलएल फाइल सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायची, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या, 'ड्रायव्हर्स32' नावाच्या यादीत खुणेसमोर तिचं नाव लिहायचं, असं करत असे. एक अक्षर चुकलं तरी काही उमटत नसे. पुढे चांगला इन्स्टॉलर आला तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं! चांगला इन्स्टॉलर लिहिणं ही कारागिरी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

पण त्या यादीची गंमत लक्षात घ्या. एका खुणेसमोर एकच नाव मावतं. त्याच खुणेवर हक्क सांगणारा दुसरा कोडेक उद्या बसवलात, की आधीचं नाव पुसलं जातं. डायरेक्टशोमध्ये तऱ्हा वेगळी आहे. तिथे प्रत्येक घटकाला 'मेरिट' नावाचा आकडा असतो आणि मोठा आकडावाला पुढे होतो. प्रत्येक इन्स्टॉलरला वाटतं आपणच पुढे असावं. दोन-तीन पॅक एकावर एक बसवले, की कोण कोणाची फाइल उघडतंय याचा पत्ता लागत नाही.

मी टेप डिजिटल करून देण्याचं काम बरीच वर्षं केलं. एकदा घाईत एका कोडेक पॅकवर दुसरा पॅक टाकला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओंचा फोल्डर उघडला, की आत जायच्या आधीच खिडकी बंद व्हायची, टास्कबार नाहीसा होऊन परत यायचा. व्हिडिओ मी चालवलाही नव्हता. हार्ड डिस्क गेली असं समजून मी आधी सगळ्या फाइल्स दुसरीकडे हलवल्या. दोन दिवसांनी उलगडा झाला. फोल्डरमध्ये प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र, म्हणजे थंबनेल, दाखवायला विंडोज एक फ्रेम उलगडून बघतं. त्यासाठी ते सामाइक मांडणीवरचाच कोडेक घेतं. तो कोडेक एका अर्धवट फाइलवर कोसळत होता आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम त्याच्याबरोबर खाली येत होता. थंबनेल बंद केल्यावर फोल्डर उघडला. मग दोन्ही पॅक काढले, तर एकाने आपली नावं यादीत तशीच मागे ठेवली होती. फाइल गेलेली, नाव शिल्लक. ती शोधून पुसण्यात आणखी एक संध्याकाळ गेली.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. काय बसवलं, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला, कशासाठी. इन्स्टॉलरच्या प्रत्येक पायरीचा फोनने फोटो काढते. सर, हे जरूर करा. पुढे काही बिघडलं तर 'मी कशावर टिक केली होती?' याचं उत्तर तुमच्याकडे असेल.

प्रत्यक्ष बसवताना काय करायचं, ते सांगते. इन्स्टॉलर एक्सव्हिडच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रात वरती दिसणाऱ्या जाहिरातीवरून घेऊ नका. आलेल्या फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब आहे का पाहा. असेल तर कोणाच्या नावाने सही आहे ते वाचा. नसेल तर लगेच दचकू नका. सहीसाठी प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं आणि मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या अनेकांना ते परवडत नाही. अशा वेळी संकेतस्थळावर एसएचए-256 आकडा, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा, दिला असेल, तर पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा देऊन आपल्या फाइलचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. मग सिस्टिम रिस्टोअरचा पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग आधीच्या स्थितीत परत नेता येते. काही संगणकांवर ती सोय बंद असते, ती आधी चालू करावी लागेल.

इन्स्टॉलर सुरू झाला की 'कस्टम' हा पर्याय असेल तर तोच निवडा. नेक्स्ट, नेक्स्ट करत जाऊ नका. प्रत्येक पानावर थांबा. एक्सव्हिडच्या डीकोडरमध्ये डिव्हएक्ससारख्या दुसऱ्यांच्या खुणांच्या फाइलीही मीच उघडू का, असं विचारणारे चौकोन असतात. तुमच्या फाइलींवर एक्सव्हिडचीच खूण आहे, तर ते रिकामे ठेवा. गरज पडली तर नंतर टिक करता येते. आपोआप अपडेट तपासायचं का असं विचारलं, तर मी हो म्हणते, कारण कोडेक एकदा बसवला की माणसं त्याला विसरतात. टूलबार, ब्राउझरचं मुखपृष्ठ, 'संगणक वेगवान करा' असला एखादा प्रोग्राम, यांतलं काहीही देऊ केलं तर इन्स्टॉलर तिथेच रद्द करा. कोडेकला यातल्या कशाचीही गरज नसते. असं दिसलं तर बहुधा तुम्ही मूळ जागेऐवजी भलत्याच ठिकाणाहून फाइल उतरवली आहे.

एक बारकावा अनेकांना अडवतो. 32 बिटी प्रोग्रामला 32 बिटी कोडेकच दिसतो आणि 64 बिटीला 64 बिटीच. तुमचा व्हर्च्युअलडब कोणता आहे ते त्याच्या माहितीच्या खिडकीत बघा. आणि तपासायला फोल्डर उघडलात तर नावांनी फसू नका. 64 बिटी विंडोजमध्ये 'सिस्टिम32' नावाच्या फोल्डरात 64 बिटी फाइल्स असतात, आणि 32 बिटी फाइल्स 'सिसवाव64' मध्ये. नावं अगदी उलटी आहेत, पण तसंच आहे.

कोडेकचा विषय इथे संपतो, पण तुमच्या मुलांच्या नाटकांसाठी आणखी एक सांगायलाच हवं. कापताना व्हिडिओच्या मेन्यूत 'डायरेक्ट स्ट्रीम कॉपी' निवडा. मग चित्र पुन्हा दाबलं जात नाही, जसंच्या तसं उचललं जातं, दर्जा कणभरही घटत नाही. प्रोग्राम मुळात 'फुल प्रोसेसिंग'वर असतो. तसाच राहिला तर दाबून न ठेवलेली प्रचंड मोठी फाइल तयार होते, किंवा कोडेक निवडला तर आधीच दाबलेलं चित्र दुसऱ्यांदा दाबलं जातं. अट एवढीच, की तुकड्याची सुरुवात कीफ्रेमवर हवी. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र. मधल्या फ्रेममध्ये बहुतेक फक्त बदल नोंदलेले असतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि दोन कीफ्रेममध्ये 250 फ्रेमचं अंतर असेल, तर कधी कधी जवळपास दहा सेकंद आधीपासून कापावं लागेल. शिफ्ट दाबून डावा-उजवा बाण मारला की एका कीफ्रेमवरून दुसरीवर उडी जाते. मुलाच्या प्रवेशाआधी दुसऱ्याचं एखादं वाक्य आलं तर येऊ द्या. आणि मूळ फाइलच्या नावावर कधीही सेव्ह करू नका. त्या फाइल्सची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर आजच ठेवा.

प्रश्न : नातवंडांचे आयफोनवरचे व्हिडिओ माझ्या विंडोज लॅपटॉपवर लावले तर आवाज येतो, चित्र येत नाही. स्टोअर 'एचईव्हीसी' नावाची वस्तू विकत घ्यायला सांगतं. पैसे का द्यायचे? फुकटातला कोडेक पॅक टाकू का?

उत्तर : नुसते पाहायचेच असतील तर दोन्हीची गरज नाही. व्हीएलसी टाका, त्यात एचईव्हीसी आतच आहे.

पैसे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. एचईव्हीसी, म्हणजे एच.265, हा कोडेक 2013 साली मान्य झाला. त्याच्या आधीच्या एच.264च्या तुलनेत तो तशाच दर्जाचं चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवू शकतो, म्हणून 2017च्या आयओएस 11पासून नव्या आयफोनने तो धरला. पण त्यावर अनेक कंपन्यांचे पेटंट आहेत, आणि परवाने देणारे गटही एकाहून जास्त. त्यामुळे तो विंडोजबरोबर सरसकट न देता वेगळी वस्तू म्हणून ठेवला गेला. काही लॅपटॉपच्या उत्पादकांनी त्याची फी आधीच भरलेली असते, त्यांवर तो आयता मिळतो.

कोडेक वेगळा उतरवावा लागण्यामागे पुष्कळदा असं कायद्याचं कारण असतं. एच.264चं एक उदाहरण मला फार आवडतं. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीने 2013 साली जाहीर केलं, की आपला ओपनएच264 कोडेक फुकट देऊ आणि परवान्याची फी स्वतः भरू. त्याचा सोर्स खुला आहे, पण फीचं संरक्षण फक्त सिस्कोने बांधून स्वतःच्या सर्व्हरवरून दिलेल्या फाइलला लागू होतं. म्हणून फायरफॉक्स 2014 पासून ती फाइल आपल्या इन्स्टॉलरमध्ये घालत नाही. बसवल्यानंतर सिस्कोकडून वेगळी उतरवून घेतो. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्टोअरमधली वस्तू घेण्याचा फायदा म्हणजे विंडोजच्या फोटो ॲपमध्ये आणि थंबनेलमध्येही चित्र दिसू लागतं. ती अपडेटही स्टोअरमधूनच होते. हे महत्त्वाचं आहे, कारण कोडेकमध्येही सुरक्षेच्या त्रुटी निघतात. कोडेकचं कामच अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उलगडायचं, त्यामुळे मुद्दाम बिघडवून बनवलेल्या फाइलने त्याला फसवता येतं. 2020च्या जूनअखेर याच एचईव्हीसी जोडणीतल्या गंभीर त्रुटींची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दिली, ती नेहमीच्या विंडोज अपडेटमधून न देता स्टोअरमधून दिली. कोणी स्टोअरचं आपोआप अपडेट बंद ठेवलं असेल, तर तो धोका त्याच्याकडे तसाच राहिला. तुम्ही वस्तू घेतलीत तर ते अपडेट चालू आहे ना, बघून ठेवा.

आणि अपडेट थांबलेली वस्तू ठेवू नका. ॲपलचा क्विकटाइम हा व्हिडिओ प्लेअर, त्याची विंडोजवरची आवृत्ती, माझ्या यंत्रावर कित्येक वर्षं होती, कारण संपादनाच्या सॉफ्टवेअरला ती लागायची. एप्रिल 2016 मध्ये तिच्यात दोन त्रुटी सापडल्या, ॲपल त्या दुरुस्त करणार नाही हे स्पष्ट झालं, आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ती काढून टाकायला सांगितलं. मी त्याच दिवशी काढली. काही जुने प्रकल्प उघडेनासे झाले, ते नव्याने दुसऱ्या स्वरूपात करून घेतले. तुमच्याकडे ती अजून असेल तर काढा.

पुढच्या चित्रीकरणांपुरता सोपा उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग, मग कॅमेरा, मग फॉरमॅट, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल'. फाइल मोठी होईल, पण कुठेही चालेल.

प्रश्न : एका संकेतस्थळावर व्हिडिओ लावला तर 'तुमच्याकडे कोडेक नाही, इथून उतरवा' अशी पट्टी आली. उतरवला, अजून चालवलेला नाही. चालवू?

उत्तर : नाही. आत्ताच पुसून टाका, रिसायकल बिनमधूनही. मग अँटिव्हायरसने डाउनलोडचा फोल्डर तपासून घ्या.

ब्राउझरला लागणारे कोडेक ब्राउझरमध्येच असतात किंवा तो स्वतः आणतो, वर फायरफॉक्सचं सांगितलं तसं. संकेतस्थळाने तुमच्याकडून एखादा इन्स्टॉलर चालवून घ्यायचं काहीही कारण नाही. पहिल्या पत्रातल्या सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याची भीती इथलीच आहे. 2005च्या अखेरीपासून झ्लॉब नावाचा ट्रोजन याच वेशात पसरला. व्हिडिओ पाहायला कोडेक हवा म्हणून लोक तो आपल्या हाताने बसवत. मग पडद्यावर 'संगणकाला लागण झाली आहे' असे खोटे इशारे येत आणि खोटा अँटिव्हायरस विकायला समोर येई. त्याचे काही प्रकार राउटरमध्ये शिरून डीएनएसची सेटिंग बदलायचे, म्हणजे पत्ता बरोबर टाकला तरी माणूस दुसऱ्याच जागी पोहोचायचा.

तुम्ही फाइल चालवली नसेल तर काही झालेलं नाही. पण घरात आणखी कोणी ती उघडली असेल, तर संगणकाचं नेट तोडा, पूर्ण स्कॅन करा, राउटरची डीएनएस सेटिंग तपासा आणि त्याचा पासवर्ड बदला. बँकेचे आणि मेलचे पासवर्डही बदला, ते मात्र दुसऱ्या यंत्रावरून.